कंपनीत ट्रेनिंग बघणाऱ्या गोव्यातल्या मंडळींनी एकमेकांचं काम बघून शिकायचं कसं?

झुवारीकाठ

नमस्कार मंडळी. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळीच्या वसाहती घ्या, नाहीतर कळंगुटपासून काणकोणपर्यंतची हॉटेलं घ्या. बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग बघणारा माणूस एकटाच असतो. इंडक्शन त्याचं, रेकॉर्ड त्याचं, ऑडिटरसमोर फाईल घेऊन उभं राहणंही त्याचंच. शेजारच्या टेबलावर त्याच कामातलं दुसरं कोणी नसतं, त्यामुळे सेशन चांगलं झालं की नुसतंच शांततेत पार पडलं, हे कोण सांगणार? फीडबॅक फॉर्मवर भरभरून गुण येतात आणि लाइनवर चूक तीच राहते.

परिषदा आणि व्याख्यानं आहेत, तिथे ओळखीही होतात, पण हात सुधारत नाही. म्हणून विचारायचं आहे की ७-८ जणांचं एक मंडळ, जिथे प्रत्येकजण आपलं प्रत्यक्ष काम आणून दाखवेल, ते कसं चालवावं? गुप्ततेचं काय, भेटायचं कुठे, हंगामात हॉटेलवाले येणार कसे? ज्यांना या कामाची नस माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

बोरीपूल

प्रश्न वेळेवर काढलात. बैठकीची घडी पक्की नसेल तर तिसऱ्या भेटीत मंडळ चहा-गप्पांवर येतं, म्हणून आधी घडीच सांगतो.

बैठक दोन तासांची, आणि त्यात दोघांचंच काम घ्यायचं. प्रत्येकाला ४५ मिनिटं. पहिली ५ मिनिटं काम आणणाऱ्याची: हे कोणासाठी केलंय, त्यांना शेवटी काय करता यायला हवं, आणि अडतंय कुठे. पुढची ५ मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न. बॅच किती जणांची, मशीन चालू असतं की बंद, एवढंच, सल्ला नाही. मग २० मिनिटं बाकीच्यांनी आपापसात बोलायचं आणि काम आणणाऱ्याने गप्प राहून लिहून घ्यायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं. बोलायची मुभा असली की माणूस प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत सुटतो, ‘आमच्याकडे तसं चालत नाही’ हे वाक्य येतं आणि ऐकणं तिथेच थांबतं. उरलेली १५ मिनिटं पुन्हा त्याची: काय बदलणार, काय नाही, आणि का.

दोघांची मिळून ९० मिनिटं झाली. राहिलेल्या अर्ध्या तासातली पहिली १५ मिनिटं मागच्या वेळच्या दोघांना द्या. त्यांनी केलेला बदल आणि सुधारलेला कागद दाखवायचा. हे वगळलं की सल्ले हवेत विरतात, आणि वेळ कमी पडला की नेमकं हेच वगळलं जातं.

आणायची वस्तू हातात धरता येईल अशी हवी: एक सेशन प्लॅन, एक प्रश्नपत्रिका, कामाची फोड केलेला तक्ता, सेशनचा १० मिनिटांचा व्हिडिओ. ‘ट्रेनिंगला किंमत नाही’ हा विषय खरा असला तरी बैठकीत नको. ८ पेक्षा जास्त माणसंही नकोत. ८ जण असले की चार बैठकांत प्रत्येकाची पाळी येते. १५ झाले की निम्मे नुसते ऐकायला येतात.

कुळागर

सगळं पटलं, पण फार्मातल्या, म्हणजे औषध कंपनीतल्या माणसाने प्रश्नपत्रिका कंपनीबाहेर न्यायची म्हटल्यावर क्यूए हेड (गुणवत्ता विभागाचे प्रमुख) आधी नाहीच म्हणतील. एचआरला वाटेल, ही मंडळी माणसं पळवायला भेटतात. यावर उपाय?

साळावली

कुळागर, शंका रास्त आहे, त्यामुळे नियम लिहूनच ठेवावेत, एका पानात.

कागदावरून काढायचं ते असं: उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, मशीनची सेटिंग, ग्राहकाचं नाव, कर्मचाऱ्यांची नावं, सह्यांची पानं. डेविएशन रिपोर्ट (ठरलेल्या पद्धतीबाहेर काही घडलं त्याचे अहवाल) आणि ऑडिटमधली निरीक्षणं कुठल्याच रूपात आणायची नाहीत, नावं खोडूनही नाहीत. कंपनीचा एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) जसाच्या तसा नको, तो कंपनीच्या मालकीचा आहे. त्याच प्रकारच्या सर्वसाधारण कामावर स्वतःचा नवा कागद करा. ‘पॅकिंग लाइनचा क्लिअरन्स’ (नवी बॅच लावण्याआधी मागचं काही लाइनवर राहिलं नाही ना, ते बघणं) किंवा ‘खोलीचं बाथरूम साफ करणं’ हे विषय कुठल्या एका कंपनीचे नाहीत. हा नमुना वरिष्ठांना दाखवून ईमेलवर होकार घ्या. तोंडी होकार साहेब बदलला की संपतो.

बैठकीत पगार, भरती, कोण सोडतंय यावर बोलणं नाही. कोणी आपला कोर्स किंवा सॉफ्टवेअर विकणार नाही. बाहेरून कंपन्यांत सेशन घेणारे सल्लागार आले तर चांगलंच, पण त्यांनीही पाळी आली की आपलं काम टेबलावर ठेवायचं. नुसतं कार्ड वाटायला येणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नये.

दुधसागर

काम आणायचं म्हणजे काय आणायचं, त्याचा एक नमुना देतो. तीन रकान्यांचा तक्ता: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. ही पद्धत १९४० साली अमेरिकेत युद्धकाळातल्या कारखान्यांसाठी सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या उपक्रमातून आलेली आहे आणि अजून तिला तोड नाही. गोळ्यांच्या पॅकिंग लाइनचा क्लिअरन्स घेऊ.

पायरी १, मागच्या बॅचचा माल उचलणे. कळीचा मुद्दा: गोळ्या, फॉइल, कार्टन, माहितीपत्रक वेगवेगळे उचलून वेगवेगळे मोजायचे. कारण: एकत्र भरले तर हिशेब जुळत नाही आणि नेमकं काय लाइनवर राहिलं ते कळत नाही.

पायरी २, लपलेल्या जागा बघणे. कळीचा मुद्दा: गार्ड उघडून, फीड चॅनलमध्ये टॉर्च मारून, कन्व्हेयरखाली वाकून, रिजेक्टचा डबा पूर्ण रिकामा करून. कारण: उभ्याने बघितलं तर फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो, आणि चुकार गोळी तिथे कधीच नसते.

पायरी ३, छपाई जुळवणे. कळीचा मुद्दा: पहिलं छापलेलं कार्टन हातात घेऊन बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बॅच रेकॉर्डशी एकेक अक्षर वाचून. कारण: स्क्रीनवर भरलेला नंबर आणि कार्टनवर उमटलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ४, दुसऱ्याची तपासणी. कळीचा मुद्दा: तपासणाऱ्याने त्याच जागा स्वतः वाकून बघायच्या, सही नंतर, घड्याळातली खरी वेळ टाकून. कारण: टेबलावर बसून केलेली दुसरी सही म्हणजे पहिल्याच डोळ्यांवर भरवसा ठेवणं.

मंडळात हा तक्ता आला की बघायचं काय? एक, ‘नीट तपासा’, ‘काळजीपूर्वक’ असे शब्द. ‘नीट’ म्हटल्याने हाताला काही कळत नाही; टॉर्च मारा म्हटल्यावर कळतं. दोन, एका पायरीला तीनपेक्षा जास्त कळीचे मुद्दे झाले असतील तर पायरी फोडायला हवी. तीन, कारणाचा रकाना रिकामा असेल तर ती गोष्ट रात्रपाळीत पहिली गळणार.

शिकवण्याची रीतही चार टप्प्यांची आहे: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, मग पाठपुरावा. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्यावर हजेरीपटावर सही होते आणि काम झालं असं धरतात. तिसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्याने हात चालवता चालवता पायरी, मुद्दा आणि कारण तोंडाने सांगायचं असतं. तो न अडखळता सांगत नाही तोवर पुन्हा.

तिसवाडीकार

दुधसागर, तक्ता छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. याची परीक्षा कशी घ्यावी? लेखी प्रश्न विचारले तर सगळेच पास होतात.

दुधसागर

क्लिअरन्सची परीक्षा कागदावर होत नाही. बंद असलेल्या मशीनवर किंवा डेमो युनिटवर, क्यूएला आधी लेखी कळवून, खुणा केलेल्या ५ वस्तू लपवा: गार्डखाली एक जुनं माहितीपत्रक, फीड चॅनलमध्ये एक नकली गोळी, कन्व्हेयरखाली फॉइलचा तुकडा, रिजेक्टच्या डब्यात एक कार्टन आणि छपाईच्या नमुन्यात एक बदललेला अंक. यादी आधी लिहून ठेवा आणि शेवटी पाचही वस्तू मोजून परत घ्या. किती सापडल्या याच्याइतकंच कुठे बघितलंच नाही हे नोंदवा, कारण पुढचं सेशन त्यावरून आखायचं असतं. चालू लाइनवर हे कधीही करायचं नाही. लपवलेली वस्तू राहून गेली तर तीच खरी मिसळण ठरेल.

पाटोपूल

लेखी परीक्षा जिथे लागतेच तिथल्यासाठी थोडं.

२० पैकी १६ म्हणजे पास, हा ८० टक्क्यांचा नियम सुरक्षेच्या विषयात धोक्याचा आहे. चुकलेल्या चारांत दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप लावण्याचा प्रश्न असेल तर तो माणूस पास कसा? जीवाशी आणि उत्पादनाशी थेट जोडलेले ३-४ ‘अनिवार्य’ प्रश्न आधीच वेगळे काढा, ते सगळे बरोबर यायलाच हवेत, बाकीच्यांना टक्केवारी चालेल.

पेपर झाल्यावर प्रत्येक प्रश्न किती जणांचा बरोबर आला ते मोजा. ‘अनिवार्य’ प्रश्न सगळ्यांना आला तर उत्तम, तेच हवं होतं. पण एखादा प्रश्न जाणत्या ऑपरेटरांचाच चुकतोय आणि नवख्यांचा बरोबर येतोय, तर बिघाड प्रश्नात आहे. बहुतेकदा दोन पर्याय बरोबर असतात, किंवा एसओपीत लिहिलंय एक आणि लाइनवर चालतंय दुसरं. दुसरी शक्यता असेल तर ती बातमी उत्पादन विभागाकडे गेलीच पाहिजे.

आणि भाषा! एसओपी इंग्रजीत, सूचना हिंदीत, शंका कोंकणी-मराठीत, आणि बॅचमध्ये कन्नड, ओडिया, बंगाली बोलणारेही. भाषांतर ऑफिसात करून थेट वाटू नये. लाइनवरच्या दोघांना वाचायला देऊन ‘यात काय करायला सांगितलंय ते करून दाखव’ म्हणावं. नकारार्थी प्रश्न (‘खालीलपैकी कोणतं करू नये’) भाषांतरात हमखास घोटाळा करतात, ते सरळ करून घ्यावेत.

खाजन

हॉटेलवाल्यांच्या बाजूने लिहिते. ऑक्टोबर ते मार्च आमच्यापैकी कोणी दोन तास बाहेर पडू शकत नाही, हे गृहीत धरूनच वेळापत्रक करा. जून ते सप्टेंबर महिन्याला दोन बैठका, हंगामात महिन्याला एक आणि तीही ऑनलाइन ६० मिनिटांची, एकाच कामावर. चवथीचा (गणेशचतुर्थीचा) आठवडा मोकळा सोडा.

आमच्याकडचं नव्या माणसांचं ट्रेनिंग नेमकं हंगामाच्या तोंडावर येतं, म्हणून त्याचे कागद पावसाळ्यातच मंडळासमोर यायला हवेत. अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर ही एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) अपेक्षा आहे. ते प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं. पण तो सुपरवायझर पुढे बाकीच्यांना काय आणि कसं शिकवतो, हे क्वचितच कोणी बघतं. मंडळात आणण्यासारखं ते काम आहे: १० मिनिटांचं ब्रीफिंग, एकच विषय. उदाहरणार्थ, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली का ठेवायचा, आणि थर्मामीटरचं टोक पदार्थात नेमकं कुठे टोचायचं.

फार्मावाल्यांकडून आम्हाला रेकॉर्डची शिस्त घ्यायची आहे. त्यांनी आमच्याकडून ब्रीफिंग बघावं, उभ्याउभ्या, झटपट संपणारं.

झुवारीकाठ

देव बरें करूं, खाजन. फार्मा आणि हॉटेल एकाच टेबलावर असावेत हे यातून स्पष्ट झालं. एक विचारतो, वर्षाच्या सुरुवातीला विभागप्रमुखांकडून ट्रेनिंगची गरज मागवली की सगळ्यांचं उत्तर ‘कम्युनिकेशन स्किल’. त्याचं काय करावं?

बोरीपूल

तो फॉर्म पाठवणं बंद करावं, किंवा निदान शेवटी पाठवावा. आधी रिजेक्टचं रजिस्टर, पाहुण्यांच्या तक्रारी, पुन्हा करावं लागलेलं काम, अपघात टळल्याच्या नोंदी काढा. मागच्या सहा महिन्यांत जास्तीत जास्त वेळा आलेल्या तीन गोष्टी घ्या आणि विभागप्रमुखाकडे त्या घेऊन जा. ‘गरज काय?’ असं न विचारता ‘हे का होतंय?’ असं विचारा.

मग चाळणी लावायची. त्या माणसाला ते काम येतच नाही का? येत नसेल तर ट्रेनिंग. येतं पण करत नाही? मग पुढचं बघा: साधन आहे का, वेळ दिलाय का, दोन साहेब दोन वेगळ्या गोष्टी सांगतात का, बरोबर केल्याने त्याचं नुकसान होतं का. हाउसकीपिंगच्या माणसाला दिवसाला ठरावीक खोल्या पूर्ण करायच्या असतील आणि नियमाप्रमाणे रसायन पृष्ठभागावर काही मिनिटं ठेवायचं असेल, तर तो ती मिनिटं खाणार. तिथे रिफ्रेशर दहा वेळा घेऊनही फरक पडणार नाही. खोल्यांचा आकडा किंवा कामाचा क्रम बदलावा लागेल. ‘हे ट्रेनिंगने सुटणार नाही’ असं लेखी, कारणासह सांगता येणं ही या पेशातली मोठी पायरी आहे. एकट्या माणसाला ते सांगायला धीर लागतो. मंडळाने आधी कागद तपासून दिला असेल तर धीर येतो.

पाटोपूल

यालाच जोडून. व्यवस्थापनाचे अभ्यासक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर लार्सन अँड टुब्रोसाठी केलेल्या कामातून माणसांच्या विकासाचा विभाग पर्सोनेलच्या (कर्मचारी विभागाच्या) रोजच्या कामापासून वेगळा हवा ही मांडणी आपल्या देशात रुजली. गोव्यातल्या लहान युनिटमध्ये आजही ट्रेनिंग ऑफिसर कँटीन, बस आणि हजेरी सांभाळतो. वेगळा विभाग सगळ्यांना परवडणार नाही, मान्य. पण आठवड्याचे निदान ठरावीक तास लाइनवर उभं राहून काम बघण्यासाठी राखून घ्यावेत, आणि ते कॅलेंडरवर लिहावेत.

आबोली

सेशनमध्ये सर्रास दाखवले जाणारे काही आकडे मंडळाने पहिल्याच बैठकीत बाजूला काढावेत, अशी कळकळीची विनंती.

‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, करून बघितलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा पिरॅमिड. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कोणीतरी चिकटवली. ‘७०-२०-१०’ (७० टक्के कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के वर्गात शिकतो) हे यशस्वी अधिकाऱ्यांनी आपण कुठून शिकलो याबद्दल जे सांगितलं त्यावरून आलं. शिकण्याचं मोजमाप ते नाही, आणि त्यावर बजेट वाटणं तर नाहीच. ‘बघून शिकणारा, ऐकून शिकणारा’ अशी माणसांची वाटणी करून तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडत नाही, हे २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी आढावा घेऊन दाखवलं. विसरण्याच्या आलेखामागचं एबिंगहाउस यांचं १८८५चं काम मात्र भक्कम आहे. फक्त ते त्यांनी स्वतःवर, निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून केलं होतं. त्यातून ‘मधेमधे आठवायला लावा’ हे घ्यावं, ‘२४ तासांत इतके टक्के विसरतात’ हे नको.

प्रत्यक्षात याचा वापर सोपा आहे. सेशननंतर दुसऱ्या दिवशी, एका आठवड्याने आणि एका महिन्याने शिफ्टच्या सुरुवातीला ३ मिनिटं. पुन्हा सांगायचं नाही, विचारायचं. स्लाइड पुन्हा दाखवली की ‘हो, माहीत आहे’ असं वाटतं आणि आठवण्याचा व्यायाम होतच नाही.

कुळागर

आबोलीताई, मनापासून आभार. परिणाम मोजण्याबद्दलही कोणी लिहा ना. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या (प्रतिक्रिया, शिकणं, वागणं, परिणाम) १९५९पासून सगळ्यांना पाठ आहेत, पण तिसरी-चौथी पातळी कोणी मोजताना दिसत नाही.

आबोली

एकच आकडा निवडा आणि तो ट्रेनिंगच्या आधीपासून नोंदवायला लागा. नंतर सुरू केलं तर तुलनेला काही नसतं. दोन शिफ्ट असतील तर एकीला आधी शिकवा, दुसरीला काही आठवड्यांनी, आणि मधल्या काळात दोघींचा आकडा बघा. त्याच काळात मशीनची दुरुस्ती, नवा कच्चा माल, सुपरवायझरची बदली यांपैकी काही झालं का, ते त्याच कागदावर लिहा. सेन्सर बदलल्याने रिजेक्ट कमी झाले आणि श्रेय सेशनने घेतलं की प्रॉडक्शनवाले पुढच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

वागणं मोजायला लाइनवर ५ गोष्टींची यादी घेऊन १५ मिनिटं उभं राहावं: केलं, नाही केलं, संधीच आली नाही. हा तिसरा रकाना विसरू नका.

तिसवाडीकार

कोर्स, प्रमाणपत्रं यांचा उपयोग कितपत?

साळावली

काम कुठे करायचंय त्यावर आहे. कंपनीतल्या ट्रेनिंगवाल्यांसाठी इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट (स्थापना १९७०, मुख्यालय दिल्ली) हिची पदविका ओळखीची आहे. सरकारी कौशल्य योजनांत शिकवायचं असेल तर संबंधित सेक्टर स्किल कौन्सिलचं (त्या उद्योगाच्या कौशल्य परिषदेचं) ट्रेनर प्रमाणपत्र लागतं, तेही ज्या जॉब रोलसाठी शिकवणार त्याचंच. आयटीआयमध्ये जायचं असेल तर क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा कोर्स. एकाचं दुसरीकडे फारसं चालत नाही, म्हणून आधी विचारून मग फी भरा.

मुलाखतीत मात्र पाच कागद जास्त बोलतात: गरज शोधल्याचा एक, कामाची फोड एक, प्रश्नपत्रिका आणि तिचं विश्लेषण, आधी-नंतरचा एक आकडा, आणि सेशनचा छोटा व्हिडिओ. मंडळात वर्षभर नीट काम केलं तर हे पाचही तयार होतात, आणि सर्वसाधारण कामावर असल्याने ते तुमच्याच मालकीचे राहतात.

झुवारीकाठ

जागेबद्दल: वेर्णा, कुंडई, पणजी, मडगाव सगळ्यांना फोंडा मध्यावर पडतं. पणजीकरांची संख्या जास्त झाली तर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जागेची चौकशी करता येईल. सुरुवात पावसाळ्यात, शनिवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर. पहिल्या बैठकीला दुधसागर यांच्या पद्धतीचा तीन रकान्यांचा तक्ता मी आणतो. दुसरा तक्ता हॉटेलकडचा हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त तारीख आणि कागदांसाठी.

शेतवाट

उशिरा वाचलं. लाइनवरचे सीनियर ऑपरेटर येऊ शकतात का? आमच्याकडे खरं शिकवणं तेच करतात, हुद्द्यात ‘ट्रेनर’ नाही.

बोरीपूल

यायलाच हवेत. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावे लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. ती सगळी मुलं जातात कोणाच्या हाताखाली? सीनियर ऑपरेटरच्याच. त्याला काम येतं, पण त्याची फोड करून सांगायला कोणी शिकवलेलं नसतं. हाताने झरझर करतो आणि ‘असं कर’ म्हणतो. आठ जणांत दोन जागा त्यांच्यासाठी ठेवा आणि त्यांची पाळी तिसऱ्या बैठकीनंतर लावा, तोवर बैठकीची रीत बघून होईल. कागद लिहायची सवय नसेल तर त्यांनी काम करून दाखवावं आणि तक्ता शेजारच्याने भरावा. बैठक कोंकणी-मराठीत ठेवा. रजा टाकून यावं लागू नये म्हणून त्यांच्या सुपरवायझरला तारीख निदान दोन आठवडे आधी कळवा, शिफ्टची अदलाबदल तेवढ्यात बसते.